वेशीतली जीप

यंदाचा पोळा शांततेत पार पडला तर चांगुणाबाईला सून मिळणार होती. एवढा रोखठोक व्यवहार. बाकी गावाला पुरणपोळी मिळणार होती, आणि तिचा नवरा दगडोबा तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष असल्यामुळं त्याला भाषण करायला मिळणार होतं, जे त्याला पुरणपोळीहून गोड लागतं.

पोरगी औशाची, तनुजा. तिनं चांगुणाबाईच्या बालाजीला होकार दिला होता. शेती करणाऱ्या पोराला अशी शिकलेली पोरगी हो म्हणते, हे चांगुणाबाईला अजून खरं वाटत नव्हतं. अडून बसला होता तो तिचा बाप, ग्यानोबा. त्याच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला होता. बोरवडीची वेस, उधळलेले बैल, चाललेल्या काठ्या, आणि डोकं धरून खाली बसलेला एक माणूस.

"तुमच्या गावात लेक द्यायची म्हणजे हळद दुप्पट घ्यावी लागंल," तो फोनवर म्हणाला. "निम्मी लग्नाला, निम्मी जखमांला."

"पाव्हणं, लई जुनी गोष्ट हाय ती," दगडोबा म्हणाला. "आमचा बालाजी तवा शाळेत होता."

"मग दर वर्षी नवा कसा येतो?"

व्हिडिओ एकच होता. पण पोळा जवळ आला की कुणीतरी तो पुन्हा सोडायचं, आणि तीच काठी त्याच डोक्यावर नव्यानं बसायची. बोरवडीत त्यानंतर कुणाला ओरखडा उठला नव्हता. पण गप गेलेल्या पोळ्याचा व्हिडिओ कोण काढतो, आणि काढला तरी बघतो कोण?

त्यातलं डोकं गावातल्याच गुरुपादप्पाचं होतं आणि काठी दगडोबाची. भांडण मानाचं, तोरणाखालून पहिला बैल कुणाचा जायचा याचं. ते कुणाच्या शहाणपणानं मिटलं असं म्हणणं धाडसाचं होईल. ट्रॅक्टर आले, बैल विकले गेले, आणि दोन्ही घरी एकेकच बैल उरला. एका बैलावर औत चालत नाही. याला त्याचा बैल मागावा लागला, त्याला याचा. ज्याचा बैल उद्या मागायचा त्याचं डोकं आज फोडून चालत नाही. तेव्हापासून दोन्ही बैल एका दाव्यात, खांद्याला खांदा लावून तोरणाखालून जात होते, आणि या जोडीच्या पुण्याईवर दगडोबा अध्यक्ष झाला होता.

"म्या पोळ्यालाच येतो," ग्यानोबानं शेवटी सांगितलं. "डोळ्यानं बघतो, मग बोलू."

दगडोबा खूश झाला. बघण्यासारखं काहीच नाही हेच तर दाखवायचं होतं. चांगुणाबाईला मात्र धास्ती लागली. दर पोळ्याला पुरण शिजत असताना ती चुलीमागं हळदीची वाटी आणि धोतराच्या फाडलेल्या पट्ट्या तयार ठेवायची. दर वर्षी हळद डब्यात परत जायची. पण वाटी ठेवायची ती थांबली नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, गुरुपादप्पा आपला बैल घेऊन आला आणि ओट्यावर टेकला.

"वहिनी, यंदा माझा बैल उजवीकडं धरतो. औशाचे पाव्हणे येऊन राहिले म्हणं. आमची बी जरा ऐट दिसू द्या."

म्हणताना तो हसत होता. चांगुणाबाईला हसू दिसलं नाही, मानाची उजवी बाजू तेवढी ऐकू आली. तो गेल्यावर तिनं नवऱ्याला घेरलं.

"आवं, लोह्याला जा. ठाण्यातनं बंदोबस्त मागून घ्या."

"कशाचा बंदोबस्त? मुंगी मारून न्हाई राहिलं कुणी हितं."

"अप्पानं उजवी बाजू मागितली."

"मग देऊ की. बैलाला काय कळतंय, उजवी का डावी."

"बैलाला न्हाई कळत. तुमाला कळतंय. तवा बी कळलं होतं."

दगडोबानं आपल्या हाताकडं बघितलं. मग चपला घातल्या आणि लोह्याला जाणारी प्रवासी जीप धरली.

पोळ्याला ग्यानोबा एसटीनं आला. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण होतं आणि तोरणाशेजारी पोलिसांची जीप. हातात काठ्या घेतलेले पोलीस दोन्ही बाजूंनी उभे. गुरुपादप्पाचा बैल उजवीकडं, दगडोबाचा डावीकडं, मधे बालाजी दोन्हींची वेसण धरून. वाजंत्री वाजली, जोडी तोरणाखालून गेली, आणि काही म्हणता काहीच झालं नाही. एक पोलीस जांभया द्यायला लागला. ग्यानोबाचं बैलांकडं लक्ष नव्हतं. तो काठ्या बघत होता.

पंगतीला गुरुपादप्पा मुद्दाम त्याच्या शेजारी बसला आणि कपाळ पुढं केलं. "ह्येच ते डोकं. हात लावून बघा, पक्कं भरलंय. फोडणाऱ्यानंच आता भजी वाढली मला."

ग्यानोबा हसला. जरा सैल झाला. तेवढ्यात दगडोबा भाषणाला उभा राहिला. बोरवडीतून इतक्या वर्षांत ठाण्यात एक तक्रार गेली नाही, माणूस सुधारतोय, जग निवत चाललंय, असं तो बोलला आणि बरं बोलला.

"मग हे लोक कशाला आलेत?" ग्यानोबानं समोरच्या पंगतीत जेवणाऱ्या पोलिसांकडं बोट केलं.

हवालदारानं तोंडातला घास गिळला. "आमी आपलं येत न्हाई हो. गावानंच बोलावलं."

"कुणी?"

दगडोबानं बसून घेतलं. चांगुणाबाई येळवणीच्या आमटीचं पातेलं घेऊन उभी होती.

"म्या सांगितलं," ती म्हणाली. "भ्या वाटलं."

"कशाचं?"

भांडण झालं नव्हतं, होणारही नव्हतं, हे तिला आत्ता, भरल्या पंगतीत, स्वच्छ दिसत होतं.

"ताई," ग्यानोबा आवाज न चढवता म्हणाला, "तुमी हितं नांदून राहिल्या. तुमचाच भरवसा न्हाई, तर म्या औशाहून येऊन कसा धरू?"

ताटातली पोळी त्यानं पूर्ण संपवली, बालाजीच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुपारच्या गाडीनं गेला. दिवस मावळायच्या आत एक नवा व्हिडिओ फिरायला लागला. त्यात तोरण होतं, जीप होती, आणि खाली लिहिलं होतं, बोरवडीत पोळ्याला तणाव.

पोलिसांना पुरणपोळी मिळाली, गुरुपादप्पाला उजवी बाजू, दगडोबाला भाषण. ग्यानोबा धड डोक्यानं आणि धड संशयानं घरी पोचला. चांगुणाबाईला सून तेवढी मिळाली नाही, तिनं हळद डब्यात परत ओतली. कुणाला खरचटलंही नाही अशा या पोळ्याची किंमत दोघांनी भरली. एक बालाजी, जो गोठ्यात बैलांची बाशिंगं सोडत होता. आणि दुसरी औशाची ती पोरगी, जिनं काठ्यांचा तो जुना व्हिडिओ सगळ्यात आधी बघितला होता, आणि बघूनच हो म्हटलं होतं.