नाना आधी हसायचे

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच माझ्या वयावर जाऊ नका. मला अजून पुरतं वर्षही झालेलं नाही. बटणं धड आहेत, पाठीचं झाकण जागेवर आहे, पोटातले सेल तर परवाच बदललेत. पण ज्याचा टीव्ही दुकानात परत गेला आणि जो स्वतः मात्र घरातच राहिला, असा रिमोट एका दिवसात जुना होतो. आता मी कुणाच्याच कामाचा नाही. तरी रोज संध्याकाळी एक माणूस मला हातात घेतो, समोरच्या नव्या टीव्हीवर रोखतो आणि बटण दाबतो. काहीही होत नाही. हे असं कसं झालं ते सांगतो. मला दुसरा काही उद्योगही नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. प्लॅस्टिकच्या दोन अर्ध्या करवंट्या, मध्ये एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर अंथरलेली रबरी बटणं, एवढाच काय तो माझा देह. शेवटी एका बाईने मला दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, 'खट्' असा आवाज झाला आणि तिने मला पुढे ढकललं. माझ्या कपाळावर एक बारीक डोळा आहे. मी जे बोलतो ते त्या डोळ्यातून बोलतो. माणसांना ते दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. फक्त माझा टीव्ही तेवढा ऐकतो. जन्मभर एकाशीच बोलायचं, दुसऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही, अशी आमची जात. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

थर्माकोलच्या खाचेत झोपून मी टीव्हीबरोबर ज्या घरात आलो, तिथे चार माणसं होती. नाना, त्यांचा मुलगा, सूनबाई आणि शाळेत जाणारी नात. टीव्ही खिडकीजवळच्या टेबलावर बसला आणि मी नानांच्या खुर्चीच्या हातावर. नानांची सगळी नोकरी छापखान्यात गेली. यंत्राच्या धडधडीपाशी उभं राहून राहून त्यांचे कान जवळपास गेले होते; कुणी बोलतंय एवढं कळायचं, काय ते कळायचं नाही. "कान मशीनला दिले आणि डोळे अक्षरांना," असं ते स्वतःच म्हणायचे. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण त्यात शिट्ट्याच फार वाजायच्या, म्हणून ते कपाटात पडून होतं.

नानांना एक सवय होती. ऐकू आलं नाही की ते मान डोलवत आणि "हो हो" म्हणत. परत परत विचारलं की समोरचा कंटाळतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे घरात गमती व्हायच्या. सूनबाई स्वयंपाकघरातून विचारायची, "नाना, चहात साखर किती घालू?" उत्तर यायचं, "हो हो." नात मुद्दाम मागे उभी राहून म्हणायची, "नाना, आज माझ्याऐवजी तुम्हीच जा शाळेत." तरी "हो हो." मग सगळे हसायचे, आणि सगळे हसताहेत हे बघून नानाही हसायचे. मलाही तेव्हा गंमतच वाटायची. खोटं कशाला बोलू?

आता माझं खरं काम ऐका. माझ्या अंगावर खाली उजव्या कोपऱ्यात एक बारकं बटण आहे. ते दाबलं की टीव्हीत माणसं जे बोलतात ते खाली अक्षरांत उमटायचं. बटणं सगळी सारखी, त्यामुळे नानांचा अंगठा भलतीकडेच पडायचा. कधी आवाज वाढायचा, कधी चित्रच गायब व्हायचं. एक दिवस सूनबाईने नखांना लावायचा लाल रंग आणला आणि त्या बटणावर एक ठिपका ठेवला. मग नानांच्या पुढ्यात बसून, ओठ दिसतील अशी सावकाश म्हणाली, "नाना, लाल दाबायचं. बाकीच्यांच्या नादाला लागायचं नाही."

त्या दिवसापासून नाना राजे झाले. संध्याकाळी एक विनोदी मालिका लागायची. तिच्यात एक गंमत होती, ती आधी कुणाच्या लक्षात आली नव्हती. पात्र तोंड उघडायच्या आतच त्याचं वाक्य खाली उमटायचं. बाकीचे कान लावून बसायचे आणि नाना वाचून मोकळे व्हायचे. पात्र अजून घसा खाकरतंय तोवर नाना खो खो हसायचे. बाकीचे मागाहून हसायचे. मुलगा वैतागायचा, "नाना, अहो सगळी मजा घालवता तुम्ही." तो समोर बसलेला असायचा, म्हणून नानांना ते कळायचं. ते डोळे पुसत म्हणायचे, "इतकी वर्षं तुमच्या मागे होतो रे. आता जरा पुढे राहू दे." आणि मला थोपटायचे. मित्रांनो, आम्हाला लोक आपटतात, फेकतात, गादीखाली विसरतात. थोपटत कुणी नाही.

मग एका संध्याकाळी मालिका रंगात आली असताना टीव्हीचा खालचा भाग काळा पडला. चार बोटं रुंदीची पट्टी. वर माणसं नेहमीसारखी बोलत होती, हातवारे करत होती, आणि अक्षरं त्या काळ्या पट्टीत बुडाली होती.

टीव्ही बिघडला की पहिला मार रिमोटला. मुलाने मला तळहातावर आपटलं. सेल काढले, पँटला घासले, उलटसुलट घातले. नातीने माझ्या डोळ्यात फुंकर मारली. शेवटी सूनबाईच्या लक्षात आलं की टीव्ही थंड असताना नीट चालतो आणि तापला की पट्टी येते. त्यामुळे अर्धी मालिका नाना सगळ्यांच्या आधी हसायचे, आणि उरलेल्या अर्ध्या वेळात सगळ्यांच्या तोंडाकडे बघून मागाहून हसायचे.

तक्रार झाली. फोनवर बराच वेळ गाणं वाजायचं, मग एक गोड आवाज सांगायचा की तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि पुन्हा गाणं. शेवटी मेकॅनिक आला. थंड टीव्ही त्याने लावला, आणि आमचे साहेब पाहुण्यांपुढे बसवलेल्या पोरासारखे शहाण्यासारखे चालले. पट्टी नाही, काही नाही. मेकॅनिक म्हणाला, "ताई, टीव्ही फर्स्ट क्लास आहे. रिमोटचे सेल बघा." मी त्याच्या हातात होतो. मला सगळं ठाऊक होतं, आणि त्या टीव्हीशी बोलू शकणारा घरात मी एकटा होतो. पण मला बोलायचं तर कुणीतरी बटण दाबायला हवं, आणि 'आता बिघड' असं बटण माझ्यावर नाही. 'दोष आढळला नाही' असं लिहून मेकॅनिक निघून गेला. पुढच्या खेपेलाही तेच झालं. मुलाची रजा फुकट गेली.

तिसऱ्या खेपेला मात्र सूनबाईने कंबर कसली. सकाळपासून टीव्ही चालू ठेवला आणि वरून शाल पांघरली. मेकॅनिक आला तेव्हा टीव्ही तापाने फणफणला होता. शाल काढली तर काळी पट्टी ठसठशीत.

मेकॅनिकने मान तिरकी करून पाहिलं. "एवढंच ना? वरचं सगळं चित्र दिसतंय की. चार बोटांनी काय बिघडतंय? घ्या चालवून."

सूनबाई शांतपणे म्हणाली, "एक करा. आज घरी गेलात की टीव्हीचा आवाज बंद करा आणि खालची चार बोटं फडक्यानं झाका. मग उद्या मला सांगा काय बिघडतंय ते."

मेकॅनिकने खुर्चीतल्या नानांकडे पाहिलं. नानांनी सवयीने मान डोलावली, "हो हो." मेकॅनिकने खिशातून पेन काढलं. त्याने टीव्ही सदोष असल्याचं लिहून दिलं. सुटा भाग मिळत नाही, म्हणून कंपनी पैसे परत करायला तयार झाली. दुकानातून निरोप आला की टीव्ही आणून द्या, पैसे घ्या, नाहीतर त्यातच दुसरा निवडा. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही बरं वाटलं, कारण आता टीव्हीबरोबर मीही परत जाणार होतो आणि नानांना धडधाकट जोडी मिळणार होती.

सूनबाई औषधांच्या दुकानात काम करायची, तिला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. निघताना ती नवऱ्याला म्हणाली, "अक्षरांचं तेवढं बघा. आणि नानांना विचारून घ्या."

"अगं, त्यांच्यासाठीच तर आणतोय," मुलगा म्हणाला. तो मनापासून म्हणाला, हे मी सांगतो.

मुलगा, नात आणि नाना दुकानात निघाले, तेव्हा नानांनी मला सदऱ्याच्या खिशात घातलं. दुकानात टीव्हीचा खोका उघडून तपासताना तिथल्या माणसाने विचारलं, "रिमोट कुठाय?" मुलाने स्वतःचे खिसे चाचपले, खोक्यात हात घातला. "घरीच राहिला वाटतं." मी दोन हातांवर, नानांच्या खिशात होतो. नानांना विचारायचं कुणाला सुचलं नाही. दुकानातला म्हणाला, "राहू द्या. सेट तसाही भंगारातच जाणार." अशी आमची ताटातूट झाली. माझा टीव्ही एका ढकलगाडीवरून मागच्या दाराने गेला आणि माझं बोलणं ऐकणारं जगात कुणी उरलं नाही.

समोर भिंतभर टीव्ही लागले होते, सगळ्यांत एकच समुद्र. विकणारा मुलाला आणि नातीला एका अवाढव्य टीव्हीपाशी घेऊन गेला. "आवाज ऐका साहेब, खोली हलते. आणि रिमोटला बटणांची कटकटच नाही. नुसतं बोलायचं, टीव्ही ऐकतो." मुलाने आठवणीने विचारलं, "खाली अक्षरं येतात ना?" "सगळं येतं साहेब. बोलायचा अवकाश." नातीने बोलून पाहिलं आणि लगेच अक्षरं आली. मुलगा खूश झाला. इतके हेलपाटे घातल्यावर नानांना चांगल्यातलं चांगलं द्यायचं त्याच्या मनात होतं.

नाना मात्र तिथे नव्हते. ते कोपऱ्यातल्या एका साध्या, मध्यम टीव्हीपुढे उभे होते. त्याच्याखाली त्याचा रिमोट बांधून ठेवला होता, माझ्यासारखाच, बटणांचा. नानांनी मला खिशातून काढून त्याच्या शेजारी धरलं. माझ्या लाल ठिपक्यावरून अंगठा फिरवला, मग त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावरून फिरवला. तिथेही तेच बटण होतं. नानांनी ते दाबलं. समुद्राच्या खाली अक्षरं आली, आणि नाना एकटेच हसले.

तेवढ्यात मागून, चांगला दहा पावलांवरून, मुलाने विचारलं, "नाना, हा मोठाच घेऊ ना?"

नानांना ऐकू आलं नाही. पण कुणीतरी काहीतरी विचारतंय एवढं त्यांना कळलं. ते वळले, आणि मान डोलवून म्हणाले, "हो हो."

मित्रांनो, मी त्यांच्या हातात होतो. माझ्यावर इतकी बटणं आहेत, पण 'नाही' म्हणायचं एकही नाही.

मोठा टीव्ही घरी आला आणि भिंतीवर उंच चढला. पहिल्या संध्याकाळी नानांनी नवा रिमोट तोंडाशी धरला आणि म्हणाले, "अक्षरं." वर्षानुवर्षं स्वतःचा आवाज धड न ऐकलेल्या माणसाचा उच्चार जरा घसरतो. टीव्ही म्हणाला, "माफ करा, मला समजलं नाही." हे तो अक्षरांत नाही, तोंडाने आणि अगदी अदबीने म्हणाला, म्हणून नानांना कळलंच नाही. ते वाट बघत राहिले. पुन्हा म्हणाले, "अक्षरं." टीव्हीने पुन्हा माफी मागितली.

रात्री कामावरून आलेल्या सूनबाईने नवऱ्याला विचारलं, "नानांना विचारलं होतंत?"

"विचारलं ना. हो म्हणाले."

"समोर जाऊन?"

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, "बिघाड काय आहे?" बिघाड तर काहीच नव्हता. "मग परत कसा घेऊ, साहेब?" वाईट टीव्ही परत देता आला, चांगला टीव्ही परत देता येत नाही.

तसं कुणी वाईट नाही. सूनबाई घरी असली की अक्षरं लावून देते. नातही देते. पण वाहिनी बदलली की अक्षरं जातात, नात अभ्यासाला आत गेलेली असते, सूनबाई कामावर असते, आणि पुन्हा हाक मारायला नानांना जड जातं. मग ते मला घेतात आणि लाल ठिपका दाबतात. त्यांना कळत नसेल असं नाही. छापखान्यात हयात घालवलेल्या माणसाला एका यंत्राची कळ दुसऱ्याला लागत नाही, हे चांगलं ठाऊक असतं. तरी दाबतात. विचारण्यापेक्षा त्यांना ते सोपं पडत असावं. परवा त्यांनी माझे सेलसुद्धा बदलले. मी जीव तोडून बोलतो, आणि भिंतीवरच्या त्या थोराला माझी भाषाच येत नाही. लाल ठिपका आता अर्धा झिजला आहे.

मित्रांनो, मला सांभाळा असं मी म्हणणार नाही. माझं काय, आज ना उद्या कचऱ्यात जाईन. पण तुमच्या घरात कुणी सगळ्यांच्या मागून हसत असेल, तर त्याला पाठीमागून काही विचारू नका. त्याच्या पुढ्यात जाऊन बसा, ओठ दिसतील असं बोला. आणि त्याने मान डोलावली की लगेच उठू नका, पुन्हा एकदा विचारा.

काल मालिकेत काहीतरी फार मोठा विनोद झाला. मुलगा हसला, नात पोट धरून हसली. नानांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग तेही हसले. नात टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "नाना, कळलं ना?"

"हो हो," नाना म्हणाले, आणि त्यांचा अंगठा माझ्यावर तसाच राहिला.