अर्लीनच्या घरून विनोनाच्या घरी

माझा नवरा हॉलिस कॉलेजच्या फुटबॉल टीमसाठी पोरं शोधून आणायचा. मुख्य कोच बर्डेट. हॉलिस त्यांच्या हाताखालचा. मिसिसिपीतल्या कुठल्या शाळेत कुठला पोरगा चेंडू छातीशी धरून वाऱ्यासारखा पळतो, हे त्याला तोंडपाठ असायचं. पुष्कळदा तो मलाही बरोबर न्यायचा. "आयांना बरोबर बाई दिसली की धीर येतो, विल्मा," म्हणायचा.

जॅरेलला आणायला गेलो तेव्हाही मी होतेच. त्याची आई अर्लीन मासे साफ करण्याच्या कारखान्यातून नुकतीच घरी आली होती. हातांना वास येतो म्हणून तिने ते ॲप्रनमध्ये गुंडाळून घेतले होते.

"गोड बोलणारे पुष्कळ येऊन गेले, कोच," ती म्हणाली. "तुम्ही काय निराळं सांगणार?"

"एवढंच सांगतो बाई, पोरगा खेळो न खेळो, डिग्री घेऊनच घरी येईल. स्वतःच्या पोरासारखा सांभाळीन."

"तुम्हाला पोरं किती?"

"नाहीत," मीच म्हणाले.

"मग पोर कसं सांभाळतात ते यांना काय ठाऊक!" असं म्हणून ती हसली. पण जॅरेल दाराशी उभा राहून तिच्याकडे असा बघत होता, की तिने शिष्यवृत्तीच्या कागदावर सही करून टाकली.

खोटं कशाला बोलू, तो आला आणि आमच्या गावाचं नशीब पालटलं. त्याआधी शनिवारी मैदानात निम्मे बाक रिकामे असायचे. आता चर्चमधले म्हातारेसुद्धा टीमच्या निळ्या टोप्या घालून येऊ लागले. बंद पडलेली खानावळ उघडली. कॉलेजात नवीन मुलं यायला लागली. हां, गावातली पोरं मात्र बाहेर बसली. औषधवाल्या पिकन्सचा मुलगा लहानपणापासून जॅरेलच्याच जागेवर खेळायचा, तो पुढचे दोन्ही मोसम कडेला उभा राहून पाण्याच्या बाटल्या वाटत होता. पिकन्सने आमच्याशी बोलणं टाकलं. पण जिंकणाऱ्या गावात एका माणसाची नाराजी कोण ऐकून घेतो?

रविवारी जॅरेल आमच्याकडे जेवायला यायचा. मक्याची भाकरी आणि तळलेलं चिकन समोर आलं, की मान वर करायचा नाही. एकदा म्हणाला, "काकू, माझ्या वर्गात मी कमी आणि मैदानातच जास्त असतो. इतिहासाच्या सरांना माझं नाव माहीत आहे, पण तोंड ओळखत नाहीत."

"मग सांग ना कोचना."

"सांगितलं. म्हणाले, पास होतोयस ना? मग झालं!"

त्याला शाळेत इतिहास शिकवायचा होता. कोणी विचारलंच तर लाजत लाजत सांगायचा.

दुसऱ्या मोसमात, जिंकत आलेल्या सामन्यात, तिघे त्याच्या अंगावर पडले. बाकीचे उठले, तो उठला नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, मग पुन्हा एकदा झाली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पळणं विसरा.

वसंतात बर्डेटनी हॉलिसला बोलावून घेतलं. तो घरी आला आणि टोपी न काढताच खुर्चीत बसला.

"त्याची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी देणार नाहीत. दरवर्षी नव्याने द्यावी लागते, तीच नाही द्यायची. नव्या पोरासाठी जागा हवी आहे त्यांना."

"आणि तू काय म्हणालास?"

"भांडलो. ते म्हणाले, हॉलिस, मी टीम चालवतो, धर्मशाळा नाही."

"मग?"

"मग काय! त्याला घरी सोडायला मलाच सांगितलंय."

मी म्हणाले, मीही येते. अर्धी वाट सरल्यावर मला कळलं की त्याच फेरीत हॉलिसला आणखी एका घरी जायचं होतं, जॅरेलच्या गावापासून जवळच. क्विंसी नावाचा पोरगा, जॅरेलपेक्षाही चपळ. जॅरेल मागच्या सीटवर पाय लांब करून बसला होता. त्याने सगळं ऐकलं असणार, पण तो खिडकीबाहेरची कापसाची रानं बघत राहिला.

अर्लीनने आरडाओरडा केला नाही. तिने आम्हाला जेवायला वाढलं. हॉलिसने ताट पुढे सारलं.

"मी शब्द दिला होता, बाई. माझ्या हातात नव्हतं."

"तेव्हाही नव्हतं हो. फक्त तेव्हा तुम्ही ते बोलला नाहीत." तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "कोट चांगला घातलाय. माझ्यासाठी नसणार. पुढे कुणाकडे?"

जॅरेलच म्हणाला, "विनोनामावशीच्या क्विंसीकडे."

विनोना कारखान्यात अर्लीनच्याच शेजारी उभी राहून काम करायची. अर्लीनने ताटं तशीच टाकली, चर्चला जाताना घालायची टोपी डोक्यावर चढवली आणि आमच्या गाडीत येऊन बसली. "चला. मलाही यायचंय."

तिला नाही म्हणायची हिंमत आमच्यात नव्हती.

विनोनाच्या घरी ती टेबलाच्या एका बाजूला बसली, आम्ही दुसऱ्या. हॉलिसने तोंड उघडायच्या आत तिने सगळं सांगितलं. हॉस्पिटल, वर्गात न ओळखणारे सर, अर्धवट राहिलेलं शिक्षण. आवाज एकदाही चढला नाही. शेवटी म्हणाली, "विने, ही माणसं वाईट नाहीत. पण पोराचा पाय धड आहे तोवरच ती तुझी आहेत."

विनोना बराच वेळ टेबलावरचं कापड चापून-चोपून सारखं करत राहिली. क्विंसी भिंतीला टेकून उभा होता, खांदे दाराएवढे, तोंड अगदी लहान मुलाचं.

"अर्लीन, तुझ्या पोराला दोन वर्षं तरी मिळाली," विनोना म्हणाली. "पुस्तकं मिळाली, पोटभर अन्न मिळालं, टीव्हीवर दिसला. माझा इथे राहिला तर सोमवारपासून आपल्याच शेजारी मासे सोलत उभा राहील. तेवढीही दोन वर्षं त्याला मिळू नयेत?"

अर्लीन हॉलिसकडे वळली. "मग चार वर्षांची हमी लिहून द्या. खेळला तरी, मोडला तरी."

"मला तसं लिहून देता येत नाही, बाई," हॉलिस म्हणाला. या वेळी निदान खरं बोलला.

विनोनाने तरीही सही केली. पेन खाली ठेवलं आणि रडायला लागली. अर्लीन उठून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

परतताना अर्लीनला घरी सोडलं. गाडीतून उतरताना माझ्याकडे बघून म्हणाली, "जेवण छान करता म्हणे तुम्ही. जॅरेल सांगायचा." एवढंच. त्यानंतर मी हॉलिसबरोबर कुणाच्याही घरी गेले नाही. त्याने नोकरी सोडली नाही. पन्नाशीच्या माणसाने जायचं कुठे, हा त्याचा प्रश्न होता.

जॅरेल कारखान्यात लागला. फार वेळ उभं राहता येत नाही म्हणून त्याला वजनकाट्यावर बसवलंय. पुन्हा कॉलेजात नाव घालतो म्हणाला होता. पहिल्या वर्षी म्हणाला, दुसऱ्या वर्षीही म्हणाला, मग मी विचारणं सोडलं.

परवा त्याचा फोन आला. मागे यंत्रांचा खडखडाट चालू होता.

"काकू, क्विंसीला बघता ना?"

"बघते रे."

"माझ्यापेक्षा जोरात पळतो." मग म्हणाला, "विनोनामावशी त्याचा सामना लावत नाही. आई तिच्या घरी जाऊन बसते त्या वेळी. दोघी टीव्ही बंद ठेवून बसतात."