म्यूज नदीची फुटकी होडी

मी म्यूज नदीवरची होडी बोलतेय. माझी मालकीण ओदिलबाई; तिच्या सासऱ्याने मला ओकच्या फळ्यांनी बांधलं. सपाट बूड, आणि दोन गाई आरामात उभ्या राहतील एवढी रुंदी. अलीकडे बेल्जियम, पलीकडे हॉलंड, आणि मध्ये माझ्या खेपा.

नवरा गेल्यावर ओदिलबाई स्वतःच वल्हं मारू लागली. पलीकडचा नाकेदार हुबेर्ट रोज तिची टोपली उपसायचा आणि ती रोज त्याला सुनवायची, "शोध बाबा, शोध! लोणी सापडलं तर पावाला लाव, नाहीतर मिशीला लाव." जकात चुकवलेलं लोणी बहुधा माझ्या बाकाखाली असायचं.

१९१४ चा ऑगस्ट लागला आणि तिचा मुलगा सेर्वे याला लष्कराचं बोलावणं आलं. तो लीएजच्या किल्ल्यावर गेला. त्याची बायको तोनिन दोन कोसांवर माहेरी होती, दिवस भरत आलेली.

मंगळवारी सकाळी तोफा वाजू लागल्या. जर्मन फौज सरहद्द ओलांडून आत आली होती. हॉलंड लढाईत नव्हतं, म्हणून पलीकडे जायला दुपारपर्यंत आमच्या काठावर माणसांची रीघ लागली. जीव घेऊन निघताना माणसं काय काय उचलतात! कोणी भिंतीवरचं घड्याळ, कोणी पिसांची गादी. एका म्हाताऱ्याने कॉफी दळायचं यंत्र छातीशी धरलं होतं, पायात मात्र एकच बूट. ओदिलबाईच्या तळहातांची सालं निघाली, तरी खेपा थांबल्या नाहीत.

संध्याकाळी एक बेल्जियन शिपाई कुऱ्हाड घेऊन आला.

"मावशी, हुकूम आहे. शत्रूच्या हाती एकही होडी लागता कामा नये."

"माझी सून यायचीय रे."

"अर्धा तास थांबतो."

बिचाऱ्याने अर्ध्याचा पाऊण तास केला. मग माझ्याकडे न बघताच घाव घातला. मधली फळी फुटली, पाणी आत आलं. त्याने पुन्हा कुऱ्हाड उचलली, तोच वाटेवरून हाक आली, "आई! थांबा हो!"

तोनिन येत होती. एक हात पोटाखाली, दुसऱ्या हातात दुधाचं पातेलं.

शिपायाने कुऱ्हाड टाकून दिली. "आता काय करायचं?"

"कोट काढ तुझा!" ओदिलबाई कडाडली. तो जाडजूड कोट तिने भोकात कोंबला आणि वर तोनिनला बसवलं. "उठलीस तर बुडलो बघ."

"आई, कळ येतेय."

"येऊ दे. त्याला म्हणावं, जे काय करायचं ते पलीकडे."

शिपायाने खांदा लावून मला ढकललं. तो स्वतः मागेच राहिला.

मध्यावर पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. तोनिन बसल्या जागेवरून पातेल्याने पाणी उपसत होती. फळ्या आवळून धरण्यापलीकडे मला तरी काय येतं? तेवढं मी केलं. पलीकडून हुबेर्ट बुटांसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि त्याने दोर पकडला.

"ओदिल, आज काय आणलंस?"

"नातवंड! ओढ लवकर, बघत काय राहिलास?"

नाक्याच्या खोलीत, तपासणीच्या टेबलावर तोनिनला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी हुबेर्टने चार माणसं लावून मला गाळातून काढलं आणि काठावर पालथं घातलं.

पंधरवड्यात लीएजचे किल्ले पडल्याची बातमी आली. तेव्हापासून ओदिलबाई बोलेनाशी झाली. रोज माझ्या पाठीवर बसून बेल्जियमचा काठ बघायची. ते गप्प बसणं मला कुऱ्हाडीपेक्षा जड गेलं.

ऑक्टोबरात एका सकाळी हुबेर्ट धापा टाकत पत्र घेऊन आला. सेर्वेचं होतं! जर्मनांच्या कैदेत बटाटे सोलत होता, पण धडधाकट होता. शेवटी त्याने विचारलं होतं, "मुलगा की मुलगी?"

ओदिलबाईने ते तीनदा वाचलं. मग ती माझ्यावर चढून उभी राहिली आणि जर्मनीच्या दिशेने ओरडली, "मुलगी रे! मुलगी झाली!" आसपासच्या कोंबड्या फडफडत उडाल्या.

"अगं, तिथवर ऐकू जाणार आहे का?" डोळे पुसत हुबेर्ट म्हणाला.

"न का जाईना. मला ओरडायचंय!"

लढाई अजून संपलेली नाही. पण पोर आता रांगते. दुपारी माझ्याखाली सावलीत शिरते. माझ्या भोकातून आत कवडसा पडतो आणि ती तो मुठीत धरू बघते. भल्या माणसांनो, डांबर घेऊन आलात तरी ते भोक एवढ्यात बुजवू नका.