उसनी हनुवटी

तिबोला पकडलं होतं ते कुणाच्या चहाडीवरून नव्हे, एका अर्धपुतळ्यावरून. हे शिल्पकार आन्सेल्म ओदीबेरच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. त्याची मुलगी उर्स्युल, तिबोची बायको, धावत आली होती. डोक्यावरची टोपी वाटेत कुठेतरी पडली होती, आणि कारखान्याच्या दारातच ती भिंतीला पाठ टेकून खाली बसली.

"सेर्व्हीन्याकचा पुतळा, बाबा. मार्कीचा. तुम्ही केलेला."

"त्याचं काय?"

"तो तिबोच आहे म्हणतात. म्हणजे आपला तिबो हाच तो मार्की आहे, असं म्हणतात."

वस्तीची देखरेख समिती जुन्या मठात बसायची. क्रांतीनंतर पळून गेलेल्या सरदारांच्या घरांतलं जप्त सामान तिथंच आणून टाकलं होतं, आणि त्यावरची राजचिन्हं फोडायला पाथरवट बोलावले होते. पावाच्या रांगेत नाव राहावं म्हणून तिबोही गेला. एका शेकोटीच्या चौकटीवरचा मुकुट तो गुडघे टेकून तासत असताना शेजारच्या टेबलावर तो पुतळा आणून ठेवला गेला. समितीचा अध्यक्ष कोस्तार, मूळचा टोप्या विकणारा, त्यानं पुतळ्याकडे पाहिलं, मग तिबोकडे. म्हणाला, ऊठ आणि याच्या शेजारी उभा राहा.

मार्की, म्हणजे सेर्व्हीन्याकचा सरदार, सीमेपार पळाला होता, आणि मजुराच्या वेशात परत आलाय अशी कुजबुज महिनाभर चालली होती. परत आलेल्या पळपुट्याला खटला नसतो. न्यायासन फक्त ओळख पटवतं; ती पटली की दुसऱ्या दिवशी गाडी, आणि गाडी जाते ती गिलोटिनच्या चौकात.

"हुबेहूब आहे म्हणतात," उर्स्युल म्हणाली. "तुम्ही चला आणि सांगा त्यांना."

आन्सेल्मनं कोट चढवला. पुतळा हुबेहूब का आहे हे या शहरात त्याला आणि तिबोलाच ठाऊक होतं.

मार्की बैठकीला दोनदाच आला होता. दाढदुखीसाठी गालात लवंग धरायचा, खिडकी उघडायला लावायचा, मग बंद करायला लावायचा. हनुवटी नव्हतीच, खालचा ओठ लोंबायचा आणि त्याखाली चेहरा सरळ मानेत उतरायचा. "मला रोमन कर," तो म्हणाला होता. "खाली काय कमी आहे ते दिसतंय तुला. भरून काढ." त्यानंतर तो आलाच नाही, आणि प्रदर्शन तोंडावर आलेलं. कारखान्यात तेव्हा दगड घासायला तिबो नावाचा वीस वर्षांचा पोरगा होता, जुन्या नाण्यावर असावा तसा जबडा असलेला. आन्सेल्मनं त्याचा सदरा उतरवून त्याला तिपाईवर बसवलं. मान, जबडा, तोंड, सगळं त्याचं घेतलं. मग त्यावर वय चढवलं. तरुणपणी शस्त्रवैद्यांच्या टेबलापाशी उभं राहून तो स्नायू शिकला होता. या जबड्यावरचं मांस उद्या कुठे सैल पडेल, नाकापासून ओठापर्यंतची घडी कुठे खोल जाईल, हे त्यानं आधीच ताडून दगडात घातलं. प्रदर्शनात मार्कीचे मित्र म्हणाले, हुबेहूब. श्रीमंताचा पुतळा नेहमीच हुबेहूब असतो. तिबोनं आपलीच हनुवटी घासून चकचकीत केली आणि पोट धरून हसला.

पुढे तो जावई झाला. वर्षं गेली, आणि आन्सेल्मनं ज्या जागी घड्या कोरल्या होत्या त्याच जागी त्या उमटल्या. घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. ज्याच्याबरोबर रोज सूप प्यायचं त्याचा चेहरा कोण बघतो?

दोघं मठात पोचली तेव्हा जेवणघरात टेबलावर पुतळा होता आणि बाकावर तिबो, हात बांधलेला, भुवयांत दगडाची पूड. कोस्तारच्या कमरेला तिरंगी पट्टा होता. त्याच्या बाजूला समितीतला दारूवाला बिदो पाइप ओढत बसला होता.

"ये, नागरिक ओदीबेर. हा कोण?" कोस्तारनं पुतळ्याकडे बोट केलं.

"मार्की द सेर्व्हीन्याक."

"आणि हा?"

"माझा जावई, तिबो मोरेल. खाणीवरच्या मजुराचा मुलगा. तुम्ही त्याला—"

"'तू' म्हण. 'तुम्ही' राजाबरोबर गेलं."

"म्हणजे," बिदो म्हणाला, "मार्कीचा बाप खाणीवरून चक्कर मारायचा की काय?"

मागे उभे असलेले पहारेकरी हसले. आन्सेल्मनं सांगायला सुरुवात केली. बैठका, तिपाई, सदरा. सांगता सांगता त्याचं त्यालाच ते बनावट वाटू लागलं.

"बरं, हनुवटी याची," कोस्तार म्हणाला. "नाक कुणाचं?"

"जुन्या रोमन पुतळ्यावरून घेतलं. तेव्हा सगळ्यांना तसलंच हवं असायचं."

"कान?"

"कान मी एकाच नमुन्याचे करतो. कानांकडे कुणी बघत नाही."

बिदोनं पाइप खाली ठेवला. "अरे, मग त्या बिचाऱ्या मार्कीचं यात आहे तरी काय?"

"नाव," आन्सेल्म म्हणाला.

बिदोला हसू आवरेना. कोस्तार हसला नाही. "जावयाची मान वाचवायला सासरा वाटेल ते बोलणार. पण मीसुद्धा तेव्हा रांगेत उभा राहून हा पुतळा बघून आलोय. अख्खं पॅरिस म्हणत होतं, ओदीबेरच्या दगडाला फक्त बोलायचं राहिलंय. तू तेव्हा खोटा होतास की आता आहेस?"

"तेव्हा."

"मार्कीला पाहिलेलं कुणी आण."

कुणी नव्हतं. त्याचे नोकर त्याच्याबरोबर गेले होते, मित्र आणि नातलग पळाले होते किंवा मेले होते. तिबोच्या जन्माची नोंद त्याच्या गावच्या चर्चबरोबर जळाली होती.

"संध्याकाळी गाडी येईल," कोस्तार म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच उर्स्युलच्या तोंडचं पाणी पळालं. "माणूस आणि पुतळा दोन्ही न्यायासनापुढे जातील. शेजारी शेजारी ठेवतील. माझ्याएवढा वेळसुद्धा त्यांना नाही."

तिबो पहिल्यांदाच बोलला. "उस्ताद, उर्स्युलला घरी घेऊन जा."

आन्सेल्म पुतळ्याकडे बघत होता. हा त्याचा सगळ्यात चांगला दगड होता. मग तो म्हणाला, "मला हा इथेच कोरू द्या. तुमच्या डोळ्यांसमोर."

"काय कोरू द्या?"

"मार्कीला हनुवटी नव्हती. संगमरवरात भर घालता येत नाही, पण काढता येतं. मी घातलेलं काढतो. मग जे उरेल तो मार्की."

बिदो खुर्चीत पुढे सरकला. "कोरू दे रे. नाहीतरी दुपारभर इथं काय आहे?"

कोस्तारनं कागद पुढे सरकवला. "आधी लिहून दे. पैसे घेऊन उमरावांचे खोटे चेहरे केले, आणि तुझे सगळे पुतळे खोटे आहेत. ते छापून भिंतींवर लागेल."

"सगळे नाहीत."

"मग कुठले खरे आहेत ते सांग."

आन्सेल्म आठवू लागला. त्याच्या डोळ्यांसमोरून चेहरे गेले: वकील, नट्या, एक विद्वान, एक पोरगेल्या चेहऱ्याचा न्यायाधीश. यातल्या कुणाला कुणाचं काय दिलं होतं? तिबोला त्यानं किती वेळा तिपाईवर बसवलं होतं?

"बाबा," मागून उर्स्युल म्हणाली, "सही करा."

त्यानं सही केली.

उर्स्युलनं छिन्न्या आणि हातोडा आणला. उंच खिडक्यांतून हिवाळ्याचा पातळ उजेड येत होता. आन्सेल्मनं ओठाखाली छिन्नी टेकवली आणि मार्कीला आठवायला गेला. लवंगेचा वास आठवला. अंगठी घातलेला गार हात आठवला. चेहरा आठवेना. आठवायला जावं तर हाच दगड समोर यायचा, याच हनुवटीसकट. त्या माणसाला त्यानं दुरुस्त करण्यापुरतंच पाहिलं होतं.

त्यानं छिन्नी बाजूला ठेवली.

"तिबोला समोर बसव," तो म्हणाला.

"तो कशाला?"

"फरक कळावा म्हणून."

हे खरं होतं. बाकदार पायांचा कंपास त्यानं आयुष्यभर जुळवण्यासाठी वापरला होता. आता तो तिबोच्या जबड्याचं माप घ्यायचा, दगडाशी यायचा आणि ते माप तिथे राहणार नाही असं बघायचा. मार्कीकडे जायची वाट ठाऊक नव्हती. तिबोपासून दूर जायची होती. हनुवटी तासली. जबड्याचा कोपरा बोथट केला. गाल आत घेतला, दाढा गेल्यासारखा. ओठाची एक कड पातळ केली, म्हणजे दुसरी आपोआप लोंबल्यासारखी दिसेल. एक टवका जास्त उडाला असता तर फुटका पुतळा झाला असता, आणि फुटका पुतळा म्हणजे पुरावा नष्ट केल्याचा आरोप. प्रत्येक घावाला तिबोच्या पापण्या हलत होत्या. उर्स्युल भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"खालचा भाग एवढा पांढरा का?" कोस्तारनं विचारलं.

"आतला दगड असाच असतो. दोन-चार वर्षांत वरच्यासारखा होईल."

"दोन-चार वर्षं," बिदो म्हणाला. "इथं उद्याची खात्री देत नाही कुणी."

आन्सेल्मनं हातोडा खाली ठेवला. तिबोला पुतळ्याशेजारी उभं केलं. कोस्तार जवळ गेला, मागे आला, पुन्हा जवळ गेला.

"हा माझ्या मेव्हण्यासारखा दिसतोय," बिदो म्हणाला.

"मग त्याला धरू?"

"धरलास तर माझी बहीण तुझ्या नावानं मेणबत्ती लावेल. मेणबत्त्यांना बंदी आहे, तरी लावेल."

कोस्तार आन्सेल्मकडे वळला. "हाच सेर्व्हीन्याक? शपथेवर?"

आन्सेल्मनं दगडाकडे पाहिलं. असला चेहरा त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

"हाच," तो म्हणाला.

तिबोचे हात सोडले.

कागद दुसऱ्याच दिवशी भिंतींवर लागला, नावासकट. कारखान्यात काम येणं थांबलं. कुणीतरी एक मातीचं मस्तक आणून उंबऱ्यावर आपटून गेलं. ते कुणाचं हे तुकड्यांवरून आन्सेल्मला ओळखता आलं नाही. तिबो कामाला बसायचा तेव्हा नाकापर्यंत मफलर गुंडाळायचा. थंडी आहे, म्हणायचा. थंडी होतीच.

मग एका सकाळी काळ्या झग्यातली एक बाई आली. तिच्या कडेवर शालीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि आधी आन्सेल्मला ते मूल वाटलं.

"मी डॉक्टर व्हेर्नांची बायको," ती म्हणाली. "ऑक्टोबरात त्यांना नेलं. तुम्हाला ठाऊक असेल."

ठाऊक होतं. त्या महिन्यात ज्यांना नेलं त्यांना चुन्याच्या खड्ड्यात टाकलं होतं. घरच्यांच्या हाती काही दिलं नव्हतं.

तिनं शाल सोडली. भाजलेल्या मातीचं मस्तक, लालसर, कपाळ रुंद, ओठांच्या कोपऱ्यांशी हसू यायच्या बेतात.

"भिंतीवरचं वाचलं. एवढंच विचारायचंय. हे ते आहेत ना?"

आन्सेल्मनं मस्तक हातात घेतलं. ओठांच्या कोपऱ्याला त्याचा अंगठा लागला आणि अंगठ्याला लगेच कळलं. डॉक्टर बैठकीत सारखे बोलत असायचे, तोंड एका जागी राहायचंच नाही. शेवटी त्यानं हाक मारली होती, तिबो, जरा इथे बस.

"तेच आहेत," तो म्हणाला.

बाई त्याच्याकडे बघत नव्हती. खिडकीपाशी तिबो प्लास्टर चाळत होता आणि कामात मफलर गळ्यावर उतरला होता. त्यानं मान वळवली, पण उशीर झाला होता. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"नागरिक," ती म्हणाली, "जरा हसाल का?"

तिबोनं आन्सेल्मकडे पाहिलं.

"मी रोज याच्याशी बोलते," ती म्हणाली. "आता त्यांचं तोंड आठवायला गेले की हेच आठवतं. आधी कसं होतं ते गेलंच माझ्या मनातून. म्हणून म्हटलं, हलताना बघावं. ते हसायचे तेव्हा डावी बाजू आधी वर जायची. एवढं आठवतं."

तिबोनं प्रयत्न केला. दोन्ही बाजू एकदमच वर गेल्या, थोड्या थरथरल्या आणि खाली आल्या.

तिनं नकारार्थी मान हलवली. आवाज चढवला नाही, की रडलीही नाही. परत येऊन तिनं आन्सेल्मच्या हातातून मस्तक घेतलं.

"डोळे तरी?" तिनं विचारलं.

"डोळे त्यांचेच आहेत," आन्सेल्म म्हणाला. हे त्यानं मस्तकाकडे न बघता सांगितलं.

तिनं शाल पुन्हा गुंडाळली, हनुवटीवरून, मग ओठांवरून, नाकाच्या बुंध्यापर्यंत, आणि तिथेच गाठ मारली. डोळे उघडे राहिले. तसंच ते उराशी धरून ती रस्त्यावर उतरली.