आरसा नसलेली तालीम

नातीच्या पत्राला आजोबांनी उत्तर दिलंच नव्हतं. तोंडावर बोलायला दोघंही लाजरे, म्हणून एकाच गावात राहूनही ती त्यांना पत्रं लिहायची. "आजोबा, डान्स स्टुडिओच्या कार्यक्रमात नाचू की नको? नवीन काही शिकवत नाहीत, एकच नाच घोटून घेतात. त्यातही मी मागच्या रांगेत."

आजोबांना नाचातलं काय कळतंय? नाचावरची पुस्तकं चाळून उत्तराचे चार मसुदे त्यांनी लिहिले आणि फाडले.

"पुस्तकं चाळून नाच कळणार आहे होय?" आजी म्हणाली. "रंगीत तालमीला जाऊन बघा तरी."

नाट्यगृहात ध्वनियंत्रणा बिघडलेली, नाच शिकवणाऱ्या बाई वैतागलेल्या, पोरी भुकेल्या. नातीच्या तक्रारीत चूक ते काय, असं आजोबांना वाटत होतं. शेवटी नाच सुरू झाला आणि पहिल्याच गिरकीला निम्म्या डावीकडे वळल्या, निम्म्या उजवीकडे. वर्गात समोर आरसा असायचा. इथे नुसत्या रिकाम्या खुर्च्या. नात तर जागच्या जागी थिजली.

"बघितलंत ना? सगळी मेहनत फुकट. मी नाव काढून घेते," बाहेर येऊन ती म्हणाली. आजोबांच्या तोंडून नेहमीसारखं नुसतं "हं" निघालं.

स्वतःवरच चरफडत ते घरी आले आणि लिहायला बसले. "तुझी तक्रार खरी आहे. पण तुम्हाला नाच येत नाही, आरशात बघून नक्कल येते, हे वर्गात कधीच कळलं नसतं. ते रंगमंचावर कळलं, म्हणजे नवीन काही शिकलीसच की. माझं चुकतही असेल. तरी एकदा नाच, मग सोडायचं तर सोड."

"आता खोडत बसू नका," आजी म्हणाली.

पुन्हा न वाचता त्यांनी पाकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं.