तासाभरासाठी काढलेला टेकू

सकाळचे पावणेअकरा. मुलींच्या शाळेतली आठवीची खोली. छताची तुळई खाली आली तेव्हा मी तिथे नव्हतो. मला जिन्याखाली आडवं टाकून वर जुनं पोतं पांघरलेलं होतं.

मी त्या खोलीतला टेकू बोलतोय. लाकडाचा सरळसोट खांब, दुसरं काही नाही.

मूळचा मी शाळेच्या जुन्या फाटकाचा खांब. नवं लोखंडी फाटक आलं आणि मी आवारात पडून राहिलो. तीन वर्षांपूर्वी आठवीच्या तुळईला मधोमध तडा गेला, तेव्हा मुख्याध्यापिकांची नजर माझ्यावर पडली. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांची सख्खी धाकटी बहीण त्याच शाळेत गणित शिकवायची, म्हणून ती धाकट्या बाई.

सुताराने मला मापात कापलं, तुळईखाली उभं केलं आणि पायाशी पाचर ठोकली.

"बाई, हा दोन महिन्यांपुरता हं," तो म्हणाला. "तोवर तुळई बदलून घ्या. सरळ खाली येणारा भार हा कितीही पेलेल, पण तडा काही सांधणार नाही."

दोन महिन्यांची तीन वर्षं झाली. मुलींनी माझं नाव मामा ठेवलं. उशिरा आलेली मुलगी माझ्याआड लपायची, परीक्षेच्या दिवशी कुणीतरी माझ्यावर खडूने सूत्र लिहायची आणि धाकट्या बाई शांतपणे फडक्याने पुसायच्या. "मामांना नापास करू नका गं," असं वर म्हणायच्या.

मोठ्या बाईंसारखी कामाची बाई मी पाहिली नाही. नळ गळला, त्यांनी बांधला. बाकं कमी पडली, त्यांनी कपाटांच्या फळ्या काढून बाकं केली. एका शिक्षिकेची आई गेल्याची बातमी आली तेव्हा सगळ्या जणी तिच्याभोवती हळहळत उभ्या राहिल्या. मोठ्या बाईंनी रिक्षा बोलावली, तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि तिच्या वर्गावर स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. सांत्वनाचा एक शब्द मात्र त्यांना जमला नाही.

आमचं दोघांचं गोत्र एकच. भार आला की तक्रार करायची नाही, आणि आपण उभे आहोत तोवर सगळं ठीक आहे असं समजायचं. कसं भागवायचं हे त्यांना पटकन सुचायचं. का भागवायचं, हा प्रश्न त्यांना रिकामटेकड्यांचा वाटायचा. मी उभा असल्यामुळे दुरुस्तीची घाई कुणालाच नव्हती. तुळईसाठी अर्ज गेला, वरून विचारणा झाली, "वर्ग भरतोय ना?" भरत होता. विषय संपला.

मग तपासणीचे साहेब येणार असं कळलं. आदल्या संध्याकाळी माझ्यासमोर दोघी बहिणींची जुंपली.

"उद्या तासाभरासाठी हा काढून ठेवायचा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"ताई, अगं तो छतच बघायला येतोय! त्याला टेकू दिसू दे की."

"दिसला तर खोली बंद करेल. नववीची केली तशी. दुसरी शाळा गावाच्या पार त्या टोकाला. नववीच्या किती मुली गेल्या तिकडे? निम्म्या घरी बसल्या. त्यांची तोंडं आठवतात तुला?"

"आठवतात. म्हणून छत डोक्यावर पाडून घ्यायचं?"

"एका तासात काही होत नाही. तू गणित शिकवतेस, हिशेब कर."

"मी नाही वर्गात मुली बसवणार."

"बसवू नकोस. स्वागताच्या गाण्याला पटांगणात उभ्या कर. झालं?"

धाकट्या बाई दाराशी थांबल्या. "तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं गं ताई. म्हणूनच भीती वाटते."

सकाळी शिपायाने पाचर सैल केली, मला काढलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर काही नव्हतं. लोकांना ओझं उतरल्यावर हायसं वाटतं म्हणे. मला तसं वाटलं नाही.

साहेब आले. आठवीच्या दारात उभे राहिले, मान वर केली, "छान ठेवलीय खोली" म्हणाले आणि कार्यालयात चहाला गेले. आत एक पाऊलही टाकलं नाही. पटांगणात मुली गात होत्या. धाकट्या बाई मात्र मुलींची दप्तरं बाहेर आणायला आत शिरल्या. मला पुन्हा उभं करेपर्यंत एकही मुलगी आत जाऊ नये, म्हणून. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला तुळई कोसळली.

गाणं मध्येच तुटलं. पहिल्या धावत आल्या त्या मोठ्या बाई. त्यांनी कुणाला लाकूड धरायला लावलं, कुणाला गाडीसाठी पिटाळलं, ओढणी फाडून रक्त थांबवलं. डॉक्टर नंतर म्हणाले, त्यामुळेच धाकट्या बाईंचा जीव वाचला. पाय वाचला नाही.

गाडी गेल्यावर त्या जिन्याखाली आल्या आणि माझ्याशेजारी फरशीवर बसल्या. शिपायाने विचारलं, "बाई, आता काय करायचं?"

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

चौकशीला तिघे आले. मोठ्या बाईंनी सरळ सांगितलं, "टेकू मी काढायला लावला." त्यांना घरी बसवलं. आता त्या बहिणीचं सगळं करतात. धाकट्या बाई त्यांच्याशी बोलतात, पण कमी, असं शिपाई सांगतो. दारातून छत तपासणाऱ्या साहेबांना कुणी काही विचारलं नाही. दोन महिन्यांच्या टेकूला तीन वर्षं उभं ठेवणाऱ्या वरच्यांनाही नाही.

माझ्यावर राग धरू नका आणि माझं कौतुकही करू नका. जिथे मला उभा पाहाल तिथे एवढंच विचारा, की हा इथे कशासाठी आहे आणि कधीपर्यंत. दुरुस्ती झाली की मला खुशाल चुलीत घाला.

सध्या मी सातवीच्या खोलीत उभा आहे. गेल्या आठवड्यात तिथल्या तुळईला तडा दिसला. शाळेला अजून मुख्याध्यापक नाही. मला इथे उभं करा आणि वर्ग चालू ठेवा, असं कुणी सांगितलं, ते कुणालाच माहीत नाही. वर्ग मात्र रोज भरतो.