गॅलियमच्या घरातला आकडा

'सदर आवर्तसारणी गॅलियम सापडण्यापूर्वीची असून, त्या अज्ञात मूलद्रव्यासाठी आमच्या आद्य प्राध्यापकांनी वर्तवलेली घनता शोधकाच्या पहिल्या मापनाशी तंतोतंत जुळते.'

संस्थेच्या या निवेदनाखाली विज्ञानेतिहासाच्या एका तरुण महिला अभ्यासकाची सही झाली, की व्याख्यानगृहाला आद्य प्राध्यापकांचे नाव लागणार होते. ही अभ्यासक त्यांची खापरपणती. निवेदन लिहिणारे कार्यवाह तिचे सख्खे मामा. रसायनाशी त्यांचा संबंध केवळ वारशाचा. आपलेच दात, आपलेच ओठ.

जन्मात कधी तिला 'बस' न म्हणालेल्या मामांनी आज स्वतः खुर्ची ओढून दिली, तेव्हाच तिला कुठेतरी पाणी मुरत असल्याची शंका आली. भिंतीवरच्या तक्त्याचा कागद जुना होता, अक्षर जुन्या वळणाचे. ॲल्युमिनियमखालच्या, म्हणजे गॅलियमच्या, घरात फक्त घनतेचा एक आकडा: ४.७.

"जुळतं ना?" मामांनी विचारले.

"जुळतं, आणि तेच नडतं. शोधकाचा पहिला नमुना अशुद्ध होता, म्हणून घनता ४.७ आली. धातू डोळ्यांनी न पाहता एका रशियन रसायनज्ञाने त्याला कळवलं, की शुद्ध करून पुन्हा मोजा, ५.९ च्या आसपास येईल. तशीच आली."

"मग पणजोबा चुकले थोडे. माणूसच ना!"

"स्वतःची चूक कुणीही करेल, मामा. दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत अजून व्हायची असलेली चूक दशांशासकट आधीच कशी करणार?"

"खाल्ल्या घरचे वासे मोजतेस? तुझ्या आईला काय तोंड दाखवशील?"

ज्याच्या गोष्टी ऐकत ती या विद्येकडे वळली, तो पूर्वजच भामटा निघावा, याचा संताप तिने थंडपणे कागदावर उतरवला आणि मोठ्याने वाचला: "आद्य प्राध्यापकांनी शोधानंतर तक्ता रचून त्यावर मागची तारीख घातली, असे दिसते."

मामांचा चेहरा उतरला. "खोड ते."

"कारण?"

कारण त्यांनी सांगितले. तिने आपले वाक्य खोडले आणि त्याजागी त्यांचे शब्द जसेच्या तसे घातले:

"पणजोबांना लबाड म्हणू नकोस. ते घर त्यांनी खरंच शोधाच्या आधी आखलं होतं, आणि कोरं सोडलं होतं. कोऱ्या घराकडे कोण बघणार, म्हणून आकडा मी लिहिला. जुना वाटावा म्हणून गॅलियमची बातमी आलेल्या सर्वांत जुन्या नियतकालिकातून घेतला."